दाढीत बर्फ हवा

सर्फिंग हे निमित्त. मला खरा हवाय तो फोटो. अंगात काळा रबरी पोशाख, काखेत फळी, मागे पांढरे डोंगर आणि दाढीत बर्फाचे मणी. हा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी टाकायचा आणि खाली फक्त ‘उनस्टाड, ६८ अंश उत्तर’ एवढंच लिहायचं. तिसऱ्या मजल्यावरचे स्वित्झर्लंडवाले त्यानंतर महिनाभर लिफ्टमध्ये बोलायचे नाहीत.

उनस्टाड म्हणजे नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरचं चिमुकलं गाव, आर्क्टिक वृत्ताच्याही वर. तिथे १९६३ साली दोन तरुण खलाशांनी बीच बॉइजच्या रेकॉर्डचं कव्हर बघून घरच्या घरी फळ्या बनवल्या आणि खुशाल समुद्रात शिरले. माझी तयारी त्यांच्याहून बरी आहे. मी मुल्कीला, कोमट पाण्यात, फळीवर उभा राहिलोय. किती वेळ, ते विचारू नये.

हिवाळ्यात उनस्टाडचं पाणी ५ अंशांच्या आसपास असतं. त्यावर उपाय सहा मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनचा. त्यात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ते थंडी अडवतात. आत शिरलेलं थोडंसं पाणी आपल्याच अंगाच्या उबेने तापतं आणि तिथेच राहतं. हे शास्त्र मी मोठ्या उत्साहाने बायकोला समजावलं.

“म्हणजे स्वतः तापवलेल्या पाण्यात उभं राहायला लाखभर रुपये?” ती म्हणाली. “गीझरने काय घोडं मारलंय?”

तिला मी उत्तर देत नाही. मला त्याहून मोठी चिंता आहे. उबदार सागरी प्रवाहाच्या कृपेने लोफोटेनची हवा त्या अक्षांशाच्या मानाने फारच सौम्य निघाली. ऐन जानेवारीतसुद्धा पारा शून्याच्या आगेमागे घुटमळतो. म्हणजे एवढा खर्च करून दाढी नुसती ओली! बरं, डिसेंबरात जावं तर सूर्य काही आठवडे उगवतच नाही. काळोखात काळ्या पोशाखातला मी कुणाला दिसणार? सगळा हिशेब मांडून मी मार्च ठरवला. मार्चात उजेड असतो, बर्फ असतो, लाटा असतात. आणि कॉड असतो.

कॉडबद्दल थोडं बोललं पाहिजे. थोडं म्हणतोय, पण घरचे हल्ली हा शब्द ऐकला की उठून जातात.

जानेवारीपासून हा मासा बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनला येतो. पकडायचा, डोकं उडवायचं, पोट साफ करायचं आणि दोन-दोन मासे शेपटीशी बांधून लाकडी दांड्यांवर टांगायचे. मीठ नाही, धूर नाही. फेब्रुवारी ते मे, नुसता वारा. आमचे बोंबील वसई-वर्सोव्याला वलांडीवर असेच वाळतात, फक्त तिथे शेपट्या बांधत नाहीत, जबड्यात जबडा अडकवून जोडी लावतात. कॉडची डोकीही फुकट जात नाहीत. ती वाळवून नायजेरियाला जातात, तिथे रश्शात पडतात. जिभा कापायचं काम परंपरेने शाळकरी पोरांचं, आणि त्याचे पैसे पोरांच्याच खिशात. १४३२ साली क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून इथल्या रोस्ट बेटाला लागला, कोळ्यांच्या घरी राहिला आणि जाताना हा वाळका मासा घेऊन गेला. इटलीत आजही तो चवीने खातात. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. सुकट बांधून घेतल्याशिवाय पाहुण्याने निघू नये, हे त्याला कुणी न सांगता कळलं.

आणि याच माशाच्या काळजाचं तेल आम्ही भावंडांनी लहानपणी प्यायलंय. थंडी सुरू झाली की आई रोज सकाळी नाक चिमटीत धरून चमचा तोंडात रिकामा करायची. बाटली महाग होती. ब्लाउज शिवून आलेल्या पैशांतून ती यायची. हिवाळ्यात आईचे गुडघे धरायचे, खोकला तर कायमचा. पण ती स्वतः कधी घ्यायची नाही. “मला नाही बाई तो वास सोसत,” म्हणायची. आम्हाला ते पटायचं. सुक्या बोंबलांच्या आणि सोड्यांच्या वासात जन्म गेलेल्या मालवणच्या बाईला एका चमच्याचा वास सोसेना, यात काही गोम असेल असं आम्हा गाढवांच्या डोक्यातही आलं नाही. विचारायला हवं होतं. आता विचारणार कुणाला?

असो. व्हिसाच्या कागदांत ३० हजार युरोंचा विमा मागतात, बँकेचे हिशेब मागतात, रजेचं पत्र मागतात. परत येणार याचा पुरावा हवा असतो. दाढी वाढवून, आवाज जरा जाड करून मी एजंटसमोर बसलो होतो. मुलगा हुशार होता, स्वतःही सर्फिंग करणारा.

“काका, मार्च कशाला?” तो म्हणाला. “सप्टेंबर-ऑक्टोबर बघा ना. लाटा मस्त असतात, पाणीही जरा बरं असतं.”

“ऑक्टोबरात दांड्यांवर काय असतं?” मी विचारलं.

“कसल्या दांड्या?”

त्याला मी क्वेरिनीपासून सांगायला घेतलं. बायको बाहेर जाऊन बसली.