घरचा नेटवर्क ॲडमिन

आमच्या घरातले आयपी पत्ते हल्ली मी वाटतो. म्हणजे वाटतो राउटरच. पण त्याचं डीएचसीपीचं पान उघडून, कुणाला कोणता पत्ता मिळाला हे वाचत बसलो की जिल्हाधिकाऱ्याला खुर्चीत कसं वाटत असेल ते कळतं.

डीएचसीपीसारखी सभ्य व्यवस्था नाही. नवा फोन हाळी देतो, ‘पत्ता देणारं कुणी आहे का?’ राउटर म्हणतो, ‘हा घे.’ फोन म्हणतो, ‘मग हाच द्या.’ राउटर म्हणतो, ‘दिला.’ तोही मुदतीनं. निम्मी मुदत सरली की फोन आपण होऊन मुदतवाढ मागतो! आमच्या भाडेकरूला मी हे मुद्दाम ऐकवलं. त्यानं मोरीतला नळ गळतोय म्हणून सांगितलं.

हे नियम लिहिणारी माणसंही अवली. नियमांच्या कागदांना आरएफसी म्हणतात. त्यातला 1149 क्रमांकाचा 1 एप्रिल 1990चा. डेटा हेक्साडेसिमलमध्ये कागदावर छापा, सुरळी कबुतराच्या पायाला गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा. झालं नेटवर्क. 2001 साली नॉर्वेतल्या बर्गनच्या मंडळींनी खरंच कबुतरं उडवली. 9 पिंग धाडले, उत्तरं 4 आली. सगळ्यात चपळ उत्तराला 53 मिनिटं लागली. हा किस्सा मी साखरपुड्यात सांगितलाय, बँकेच्या रांगेत सांगितलाय, आणि दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असतानाही सांगितलाय.

शिकायला घेतलं ते मात्र चिडून. नेट गेलं की नेट कंपनीचा पोरगा फोनवर म्हणायचा, ‘काका, बंद करून चालू करा.’ का, ते सांगायचा नाही. आणि मेल्याचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, हे जास्त खुपायचं.

राउटरमध्ये एक पत्ता मी राखीव ठेवलाय, शेवटी 15 असलेला. लेकीच्या लॅपटॉपचा मॅक पत्ता टाकून. ती नोकरीला बंगळुरूला गेली, तरी नोंद आहे. न लागणाऱ्या नोंदी काढाव्यात, असं कुठलाही जाणकार सांगेल. ढीगभर पत्ते रिकामे पडलेत. जाणकारांनी आपलं काम करावं.

दिवाळीला ती आली. लॅपटॉप तोच. उघडला आणि सरळ स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडला.

‘बाबा, तुझं नेट स्लो आहे रे.’

‘कबुतरांपेक्षा?’

‘आई, याला आवर!’