एस म्हणजे कर्जत, एस म्हणजेच स्लो

मुलुंडला राहून अंधेरीत नोकरी करणाऱ्याला लोकलच्या खुणा दोनदा शिकाव्या लागतात. मध्य रेल्वेवर ‘ए’ म्हणजे अंबरनाथ. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला पोचलात की पश्चिम रेल्वेवर तोच ‘ए’ अंधेरी होतो. इंडिकेटरवरचा ‘एस’ तर डावीकडे कर्जत, उजवीकडे स्लो. कर्जतच्या नावात एस कुठे, असं विचारू नये, गाडी सुटते.

ऑफिसात सर्व्हरच्या नोंदी ठेवायला आरसिस्लॉग आहे. २००४ मध्ये जर्मनीच्या रायनर गेर्हार्ड्स यांनी सुरू केलेलं, फुकट आणि खरंच कामाचं. पण त्याच्या सेटिंगची भाषा घाटकोपरच्या पुलावरच जन्मली असावी. नोंदीतल्या मजकुराचं नाव नोंदी निवडायच्या अटीत लिहायचं तर पुढे डॉलर. तेच नोंदीच्या मांडणीच्या टेम्प्लेटमध्ये लिहायचं तर डॉलर काढा, दोन्ही बाजूंना टक्का लावा. आजची तारीख हवी? ‘नाऊ’ला टेम्प्लेटमध्ये टक्क्यांच्या आत एक डॉलर, अटीत चक्क दोन. व्हेरिएबल जेसन स्वरूपातल्या नोंदीतलं असेल तर डॉलरनंतर उद्गारचिन्ह (ते मात्र वाचणाऱ्याच्या तोंडून आपोआप येतं), स्थानिक असेल तर टिंब, सार्वत्रिक असेल तर तिरकी रेघ. जुन्या पद्धतीच्या आज्ञाही डॉलरनेच सुरू होतात, आणि त्या व्हेरिएबल नव्हेतच!

जुन्या फायली बंद पडू नयेत म्हणून हे सगळं जपलंय, असं म्हणतात. पटतं. पण मग निदान घोषणा तरी करा हो: कृपया लक्ष द्या, डॉलर आणि टक्का यांच्यामधल्या अंतराकडे लक्ष द्या.