उत्तन ते वसई : पाच रुपयांत परजिल्हा

युरोपात माणूस सकाळी एका देशात नाश्ता करतो आणि रेल्वेने दुसऱ्या देशात जेवायला जातो. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरावर. स्ट्रासबर्गची ट्राम २०१७पासून ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलला जाते. कोपनहेगनकर तर २०००मध्ये सुरू झालेल्या पुलावरून समुद्र ओलांडून स्वीडनमधल्या माल्मोला उतरतात. उत्तनकरांनी यावर उसासे टाकायचं कारण नाही. आपल्यालाही सीमा आहे, खाडी आहे, पूल आहे आणि पलीकडे पोर्तुगीजांचं जुनं शहर आहे. रेल्वे तेवढी नाही. ती भाईंदरला आहे. पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका.

पायरी पहिली : सीमा कुठे आहे ते समजून घ्या

१ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. तेव्हापासून वसईच्या खाडीच्या अलीकडे ठाणे, पलीकडे पालघर. महापालिकाही वेगवेगळ्या. पोलीस आयुक्तालय मात्र २०२०पासून दोन्हीकडचं एकच, त्यामुळे काही भानगड करून सीमेपार पळण्याचा बेत असेल तर तो इथेच सोडावा.

ही खाडी एके काळी खरीखुरी राज्यसीमाही होती. १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई मराठ्यांकडे परत गेली. म्हणजे त्या काळी उत्तनहून वसईला जाणारा कंपनी सरकारच्या मुलखातून पेशव्यांच्या मुलखात जात होता. त्याआधी १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी खाडीच्या तोंडावरचा, आपल्या चौकचा धारावी किल्ला घेतला आणि मग वसई. आधी धारावी, मग वसई, हा क्रम आजही सोयीचा आहे. फक्त त्यांना बस पकडायची नव्हती.

पायरी दुसरी : सीमेपर्यंत पोचा

प्रवासाचा हा सर्वांत अवघड टप्पा. उत्तनहून मोर्वा, राई, मुर्धे करत बस भाईंदर पश्चिमेला येते. अंतर सात-आठ किलोमीटर, वेळ रस्त्याच्या मर्जीवर. बसमध्ये मासळीची पाटी असेल तर तिच्या उताराच्या बाजूला पाय ठेवू नयेत. ब्रेक लागला की बर्फाचं पाणी नेमकं तिकडेच येतं. कंडक्टर म्हणेल, "मावशी, पाटी आत घ्या." मावशी म्हणेल, "आत कुठं घेऊ, तुझ्या मांडीवर?" या संवादात तिसऱ्याने पडू नये.

पायरी तिसरी : तिकीट काढा

भाईंदर ते नायगाव, सेकंड क्लास, पाच रुपये. मघाशी बसला याहून जास्त दिले होते, तो हिशेब डोक्यातून काढून टाका. रांग असेल तर मशीनवर काढा, नाहीतर मोबाईलवर. एवढ्याशा प्रवासाला कोण विचारतं, असं म्हणू नका. विनातिकीट सापडलात तर तिकिटाच्या पैशांवर किमान अडीचशे रुपये दंड, म्हणजे पाच रुपये वाचवायला पन्नास पट भुर्दंड.

दुसरा मार्ग पाण्यावरचा. २०२४पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू आहे. तिचं तिकीट रेल्वेच्या कितीतरी पट, पण तिच्यात स्कूटर नेता येते. लोकलमध्ये न्यायचा प्रयत्न करू नये.

पायरी चौथी : गाडीत चढा

सकाळी भाईंदरच्या फलाटावर माणसांचा समुद्र दिसला तर घाबरू नका. ते सगळे चर्चगेटकडे चाललेत, तुम्ही विरारकडे. तुमच्या गाडीत बसायला जागा मिळेल, कदाचित खिडकीसुद्धा. समोरच्या फलाटावरचे लोक तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतात, तिला उत्तर देऊ नका.

संध्याकाळी मुंबईकडून येत असाल तर गोष्ट वेगळी. विरार लोकलच्या दरवाजातली मंडळी पहिलाच प्रश्न विचारतात, "उतरायचं कुठं?" 'भाईंदर' म्हणालात की, "मग ही कशाला पकडली? भाईंदर गाडी नाही का?" युरोपातल्या पाच देशांनी १९८५मध्ये शेंगेन गावी बोटीवर बसून सीमेवरची तपासणी काढून टाकायचा करार केला. विरार लोकलच्या दरवाजाने त्यावर अजून सही केलेली नाही.

आणखी एक. एसी लोकलमध्ये सुके बोंबील नेऊ नका. तिचे दरवाजे बंद होतात.

पायरी पाचवी : सीमा ओलांडा

भाईंदर सुटलं की चाकांचा आवाज बदलतो, खालून पोकळ होतो. तो पूल. पासपोर्ट कुणी मागणार नाही. 'पालघर जिल्ह्यात स्वागत' वाचायला मान वळवाल तोवर कांदळवन निघून जातं. मध्ये जे बेट लागतं ते पाणजू. नवखे प्रवासी त्याला कुणाचाच नसलेला मुलूख समजतात. तिथे गाव आहे. १२ एप्रिल १८६७ला विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी निघाली, तेव्हा तिच्या थांब्यांत पाणजू होतं, भाईंदर नव्हतं. आज भाईंदरला गाड्या थांबतात, सुटतातही. पाणजूवरून त्या नुसत्या धडधडत जातात. गावकरी नायगावच्या बाजूला होडीने येतात, नाहीतर जिवावर उदार होऊन रुळांच्या कडेने पुलावरून चालतात.

म्हणून या पायरीतली सूचना थट्टेची नाही. खाडी आली की काही प्रवासी हात जोडतात आणि निर्माल्याची पिशवी, नारळ दरवाजातून भिरकावतात. सप्टेंबर २०२५मध्ये असाच लोकलमधून फेकलेला नारळ लागून पुलावरून चालणाऱ्या पाणजूच्या एका तरुणाचा जीव गेला. हात जोडा, पण रिकामे.

पायरी सहावी : परजिल्ह्यात वागायचं कसं

नायगावला उतरून परत फिरलात तरी सीमा ओलांडल्याचं पुण्य पदरात पडतं. किल्ला पाहायचा असेल तर वसई रोडला उतरा. वसई रोड म्हणजे वसई नव्हे. किल्ला गावाच्या टोकाला आहे आणि तिथवर पुन्हा बस किंवा रिक्षा. म्हणजे उत्तनकराला अगदी घरच्यासारखं वाटेल.

भेट म्हणून उत्तनचे सुके बोंबील न्यावेत, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर वाळवलेले. येताना वसईची सुकेळी आणावी. मोबदला समसमान आहे, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालू नये.

पायरी सातवी : परत या

वसईहून भाईंदर, पुन्हा पाच रुपये. इथवर ठाण्यातून पालघरात आणि पालघरातून ठाण्यात जाऊन आलात; एकाही माणसाने तुम्हाला अडवलं नाही. आता भाईंदर पश्चिमेला बाहेर पडा. उत्तनची शेवटची बस गेली असेल तर रिक्षा स्टँडवर जा आणि खणखणीत आवाजात म्हणा, "उत्तन."

पहिला मान हलवेल. दुसरा विचारेल, "नाक्यापर्यंत की आत?" तिसरा म्हणेल, "तिकडून रिकामं यावं लागतं, साहेब, दुप्पट होईल." हुज्जत घालू नका, तीच महापालिका आहे हेही सांगू नका. तोच खरा सीमाशुल्क अधिकारी. मागेल ते द्या आणि बसा.