दहा बाय बाराची खोली, आता पेटीत

ऐकलंत का वहिनी? गिरगावातली खोली बिल्डरला देऊन जे सतराव्या मजल्यावर गेले ना, त्यांनी तीच खोली पुन्हा विकत घेतलीय! घाबरू नका, अ‍ॅक्रिलिकच्या पेटीतली. सासूबाईंच्या पंचाहत्तरीची भेट. मिनिएचर करून घेतात म्हणे हल्ली सगळे.

हिशेब सोपा आहे, फुटाला इंच. म्हणजे १० बाय १२ ची खोली बरोब्बर १० इंच बाय १२ इंच. पाच फुटी सासूबाई पाच इंचांच्या झाल्या. ऑर्डर सुनेनं दिली होती, मी काही बोलत नाही!

काम मात्र बघाल तर डोळे पांढरे होतील. दार आइस्क्रीमच्या काड्यांचं, भिंती सनबोर्डच्या, बादली म्हणजे कसलंसं झाकण. मोरीतलं २० लिटरचं पिंप या मापात केलं तर त्यात पाणी मावतं दोन-अडीच चमचे. (म्युनिसिपालिटीच्या कृपेनं खऱ्यातही काही दिवस तेवढंच असायचं.) कॅलेंडर चिमट्यानं धरून चिकटवलंय आणि त्यावर एकादशीसुद्धा आहे म्हणे, भिंग आणून बघा.

पण खरा कहर पुढेच. भिंत कोरी करकरीत रंगवून झाली की ती मुद्दाम घाण करतात! काळपट रंग पाण्यासारखा पातळ करायचा, फासायचा, लगेच पुसायचा; खाचांत उरेल तो वर्षानुवर्षांचा मळ. स्पंजाच्या तुकड्यानं ठिपके दिले की पोपडे. खिळ्याखाली तपकिरी ओघळ सोडला की गंज. ज्या ओलीवरून या बाईंनी जन्मभर नवऱ्याचं डोकं खाल्लं, ती ओल आता पैसे मोजून काढून घेतली. वर कारागिराला फोटो पाठवून सांगितलं, ‘‘पोपडा जरा डावीकडे होता हो.’’

आणि पाटा-वरवंटा! खरा टॉवरमध्ये कोण नेणार, म्हणून जिन्याखालीच सोडून आले. पितळेचे डबे मोडीत घातले. आता पेटीत बोटाच्या दोन पेरांएवढा पाटा आहे आणि फळीवर सोनेरी रंगाचे मणी ओळीनं मांडलेत, ते डबे. ते बघून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मोडवाल्यानं किती दिले होते ते विचारावंसं फार वाटलं मला. पण पंचाहत्तरीच्या दिवशी कसं विचारणार?

आजकालची थेरं म्हणावीत, तर तसंही नाही. ज्या ल्युटेन्सनं दिल्लीत व्हाइसरॉयचा अवाढव्य वाडा बांधला, तोच गृहस्थ १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या मेरी राणीसाठी बाहुलीघर करण्यात गुंतला होता! माप हेच, फुटाला इंच. नळाला पाणी, लिफ्ट चालू, तळघरातल्या इवल्या बाटल्यांत खरी वाइन. लायब्ररीतल्या चिमुकल्या पुस्तकासाठी कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सची गोष्ट लिहून दिली. विंडसरच्या किल्ल्यात आजही ते ठेवलंय. राजघराण्यानं केलं की कला, गिरगावकरांनी केलं की खूळ, असं आपण नाही म्हणायचं हं.

शिवाय आपण कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत? दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरून जंगल उगवतो, आणि पायथ्याच्या शेतकऱ्यापेक्षा त्याची कोंबडी मोठी असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. रुखवतात मुंडावळ्या बांधलेल्या सुपाऱ्यांचं लग्न लावतो. फरक एवढाच, की ते मावश्या-आत्या रात्री जागून करायच्या आणि फुकटात करायच्या. आता अ‍ॅडव्हान्स द्यावा लागतो.

असो. खरी गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली. टॉवरमधल्या जागेवरून तिघा भावांत काडीचा वाद झाला नाही. कागदपत्रं गुपचूप झाली. भांडण लागलंय ते या पेटीवरून. शेवटी असं ठरलं, की चार-चार महिने एकेकाकडे. धाकट्याच्या पाळीत गणपती आले, म्हणून थोरली जाऊबाई बोलेनाशी झालीय. आणि मधल्यानं कुणाला न सांगता त्याच कारागिराला दुसऱ्या पेटीचा भाव विचारलाय.