घरी वाचून घ्या

शहापूर, जुलै 2025. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. दोन बादल्या पाणी टाकलं की काम संपलं असतं. पण पाचवी ते दहावीच्या मुलींना गोळा केलं, डागांचे फोटो प्रोजेक्टरवर दाखवले, पाळी कुणाची चालू आहे ते विचारलं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलींना आत नेऊन तपासलं. पुढे मुख्याध्यापिकेला अटक झाली. माझं मन मात्र त्या प्रोजेक्टरपाशी अडकून आहे. पाळी का येते, हे दाखवायला तो आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या किती वर्गांत लागला असेल?

दहावीच्या विज्ञानात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ हा धडा आहे. त्यात पाळीचं चक्र आहे, लोकसंख्या नियंत्रण आहे. कित्येकींना पाळी पाचवी-सहावीतच येते, धडा दहावीत. मधली चार वर्षं पोरीने कुणाला विचारायचं? आणि धडा आला की बाई पानं उलटतात : ‘हा भाग घरी वाचून घ्या.’ माझ्या वेळी हेच झालं, यंदा माझ्या भाचीच्या वर्गातही हेच. 2007 साली केंद्राच्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो बंद केला. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक सुरू केलं 1927 मध्ये! मराठीला या विषयाचे शब्द नवे नाहीत. तोंड आपलं उघडत नाही.

परवा डोंबिवलीत औषधाच्या दुकानात एक मुलगा उभा होता. मागून आलेल्यांना ‘तुम्ही घ्या आधी’ म्हणत त्याने तिघांना पुढे सोडलं. शेवटी क्रोसिनचं पाकीट घेऊन निघून गेला. त्याला काय हवं होतं, मी विचारलं नाही. पण कंडोम आणायला गाडी पकडून ठाण्याला जाणारी मुलं मला माहीत आहेत, कारण गल्लीतला दुकानदार वडिलांना ओळखतो. तातडीची गर्भनिरोधक गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. चिठ्ठी लागत नाही. ते तास आपल्याकडे लाजण्यात जातात.

आणि दिवस गेलेली मुलगी सतराची असली तर? गर्भपाताला पालकांची संमती लागते, शिवाय ‘पोक्सो’ या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. पोलिसांच्या धास्तीने आई तिला भलत्याच ठिकाणी नेते. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी तिचं नाव पोलिसांना देण्याची गरज नाही. हे घरोघरी ठाऊक हवं. ज्या आईला माहीत नाही, तिची लेक जिवाला मुकू शकते.

किशोरांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम 2014 पासून आहे, 10 ते 19 वयासाठी. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालयं. तिथे या वयाच्या मुलामुलींसाठी क्लास सुटल्यावर, संध्याकाळी, एक खोली उघडी हवी. केसपेपरच्या खिडकीतून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ‘काय होतंय?’ कुणी विचारू नये. आत दार लावून ऐकणारी एक डॉक्टर बाई असावी. मी पालिकेकडे एवढंच मागते आहे.

भाचीबरोबर तो धडा मी घरी वाचला. तिने तीन प्रश्न विचारले. दोन प्रश्नांची उत्तरं मला आली. तिसऱ्यासाठी दोघींनी मिळून डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला.