रकाना : इतर

प्रति,
मा. भरतीप्रमुख,
व्यापारी कायद्याची एक नामांकित फर्म
(नाव मुद्दाम लिहीत नाही, उद्या तुमची नोटीस आली तर उत्तर मलाच फुकटात ड्राफ्ट करावं लागेल),
लोअर परळ, मुंबई.

विषय : आपला नकार पोहोचल्याबद्दल.

महोदय,



लिहून देणार मौजे आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली येथील रहिवासी, वय २५, धंदा वकिली. सनद आहे, धंदा व्हायचा आहे. माझी चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस कृष्णा, दक्षिणेस वारणा, पश्चिमेस इस्लामपूरचं म्हणजे आताच्या ईश्वरपूरचं कोर्ट आणि उत्तरेस चुलत्याचा ऊस, ज्याच्या बांधाचा वाद चालू आहे. हे पत्र मी स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणत्याही नशापाण्याच्या अंमलाखाली नसताना लिहून देत आहे. तुमचा अर्ज भरला तेव्हाही माझी हीच अवस्था होती, यावर घरात कोणी विश्वास ठेवत नाही.

अर्ज मी एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून भरला. घरी रेंज येते ती फक्त माडीवर, आणि माडीवर तेव्हा हळद होती. नाव, जन्मतारीख, टक्केवारी इथवर सगळं सुरळीत झालं. मग ‘लॉ स्कूल’ हा रकाना आला. बाणावर टिचकी मारली की यादी उघडते : बंगळूर, हैदराबाद, भोपाळ, जोधपूर, कोलकाता. मी खाली खाली जात राहिले. माझं कॉलेज त्यात नव्हतं. अगदी तळाला एकच शब्द होता, ‘इतर’. दुकानदार मागून बघत होता. म्हणाला, ‘‘ताई, इतर म्हंजे इतर मागास का?’’

मी म्हटलं, तसंच समजा.

अकरा मिनिटांत तुमचं उत्तर आलं. झेरॉक्सवाल्याने सुट्टे पैसे परत देण्याच्या आत. त्यात लिहिलं होतं की माझ्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार झाला असून माझी माहिती भविष्यासाठी जपून ठेवली जाईल. आमचे तलाठी याच अर्थाने ‘‘अर्ज ठेवून जावा’’ म्हणतात, पण ते निदान अर्जाकडे एकदा बघतात.

आता थोडं कारकुनीविषयी. तुमच्या जाहिरातीत ‘क्लार्कशिप’ असा शब्द होता. मी तो उत्साहाने वडिलांना वाचून दाखवला. ते ऊसाला पाणी पाजून नुकतेच आले होते. म्हणाले, ‘‘एलएलबी करून कारकून हुतीस व्हय? मग बारावीनंतरच झाली असतीस की.’’ त्यांच्या डोळ्यांसमोर कोर्टाच्या पडवीतला वकिलाचा कारकून होता. बगलेत फायली, खिशात कोर्ट-फीची तिकिटं, कुठल्या टेबलावर काय अडलंय हे वकिलाच्या आधी त्याला माहीत. मी समजावून सांगितलं की मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे क्रॉफर्ड बेलीसारखी पेढी १८३० पासून आहे, लिटल अँड कंपनी १८५६ पासून. तिथे सॉलिसिटर व्हायचं तर आधी एका सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणून काढायची आणि मग बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. १९७६ च्या दुरुस्तीने अ‍ॅटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला, तरी सोसायटीची ती परीक्षा राहिली. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. टॉवेलने पाय पुसत म्हणाले, ‘‘म्हंजे कारकूनच.’’

तुमच्या अर्जात दीडशे शब्दांचा एक प्रश्न होता : आपल्यात व्यापारी जाण आहे हे उदाहरणासह सांगा. दीडशे शब्दांत मावलं नाही, म्हणून इथे सांगते.

गेल्या हंगामाआधी आष्ट्यातल्या एका ट्रॅक्टरमालकाने माझ्याकडून ऊसतोडीचा करार करून घेतला. मुकादम बीडकडचा, टोळी बारा कोयत्यांची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुमच्या सोयीसाठी सांगते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, काही लाखांची. अशी उचल घेऊन मुकादम हंगामात उगवलाच नाही, अशा फिर्यादी आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यांना नव्या नाहीत. म्हणून मालक म्हणाला, ‘‘बाई, कागद असा करा की पळता आलं न्हाई पायजे.’’ स्टॅम्प पाचशेचा, कारण ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा गेला. मी मुकादमाचा सातबारा काढला, आठ-अ बघितला, फेरफार तपासला. जमिनीवर सोसायटीचा बोजा निघाला. मग त्याच्या मेव्हण्याला जामीन घेतलं. तुमच्याकडे याला ड्यू डिलिजन्स म्हणतात आणि तासावर बिल लावतात. आमच्याकडे ‘जरा बघून घ्या’ म्हणतात आणि चहा पाजतात.

सही करायच्या वेळी मुकादमाने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवायच्या आधी हवेतच थांबवला. विचारलं, ‘‘बाई, पाऊस लांबला आन् कारखाना उशिरा लागला, तर तेवढ्या दिसांचं खाडं कुणाच्या नावावर?’’ शाईचा एक थेंब टेबलावर पडला. मालक बोलेना. मी तरी काय बोलणार, मसुद्यात ते कलमच नव्हतं. त्या दिवशी अर्धा तास खल करून मी ते हाताने घातलं, दोघांच्याही अंगठ्याखाली. तुमच्या पुस्तकांत त्या कलमाला फोर्स मेजर म्हणतात. एलएलबीच्या तिसऱ्या वर्षी मी त्यावर सात मार्कांची टीप लिहिली होती, आणि मला ते कळलं त्या अंगठ्यामुळे.

आणखी एक. ‘अलीकडे आपण लक्ष ठेवून असलेला एखादा व्यवहार’ असं तुम्ही विचारलंत. इतर उमेदवारांनी कुठल्या तरी कंपनीचं विलीनीकरण लिहिलं असेल. मी ऊसबिलावर लक्ष ठेवून असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे ऊसाचा ठरलेला किमान दर, द्यायची, नाहीतर पंधरा टक्के व्याज. २१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारने शासन निर्णय काढून ती दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पुरवठादार, खरेदीदार, मुदत, व्याज, केंद्राच्या आदेशाला राज्याने लावलेली कात्री आणि शेवटी रिट. यात व्यापारी कायद्याचं काय कमी आहे ते कळवावं. आमच्या घरी हा विषय जेवताना निघतो आणि भाकरी गार होते.

माझ्या कमतरता लपवत नाही. इंग्रजी लिहिताना माझं वाक्य मध्येच धाप टाकतं. मूट कोर्ट मी एकच केलं, त्यातही न्यायाधीश झालेले सर अर्ध्यातून उठून मीटिंगला गेले. तुमच्या यादीतल्या कॉलेजांत जायला ‘क्लॅट’ नावाची परीक्षा असते हे मला कळलं तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ती इंग्रजीतच होते. पास झालात तर पुढे पाच वर्षं दरसाल लाखांतली फी. आणि तुमची भरती तिथे ज्या दिवशी होते त्या दिवसाला म्हणे ‘डे झिरो’ म्हणतात. आमच्या कॉलेजात सुरुवात पहिल्या दिवसापासून होते, तोही बहुधा शिक्षक नसल्याने ऑफ असतो. राहता राहिली इंटर्नशिप. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला बारा आठवडे पुरतात. तुम्हाला मात्र अशी मुलगी हवी जिने महिना-महिना मुंबईत राहून, जेवून, लोकलने येऊन-जाऊन, बिनपगारी किंवा नावापुरत्या पैशांत तुमच्या नजरेखाली बसून दाखवलं आहे.

ही रीत आमच्या घराला नवी नाही, हेच सांगण्यासाठी एवढं लिहिलं. माझे आजोबा लोअर परळला गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे काय ते तुमच्या एच.आर.ला माहीत नसेल. महिन्याच्या पहिल्या तारखेला बदली कार्ड मिळायचं. ते घेऊन रोज पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तर आत घेणार, आला तर माघारी. आजोबांना गेटपर्यंत आणलं ते आमच्याच पट्ट्यातल्या एका जॉबरने, म्हणजे गिरणीत माणसं लावणाऱ्या मुकादमाने. राहायला गावकीची खोली, तीत पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसं, खाली खानावळ. पुढे ते कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. काही महिन्यांनी ते ट्रंक घेऊन आष्ट्याला आले आणि परत गेले नाहीत.

तुमच्या परिसरात बऱ्याच गिरण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. तुमचे तरुण वकील तिथे रात्री दोनपर्यंत बसतात असं ऐकते. आजोबा रात्रीच्या अशा कामाला तिसरी पाळी म्हणायचे. कार्डाच्या ठिकाणी तुमची इंटर्नशिप आली आहे आणि जॉबरच्या ठिकाणी कोणाचे तरी काका, पार्टनरच्या ओळखीचे. फरक इतकाच की आजोबांचा जॉबर आमच्या भागातला होता. तो दस्तुरी घ्यायचा, पण त्याला आष्टा कुठे आहे ते माहीत होतं. तुमच्या यादीत आमचं कॉलेजही नाही आणि गावकीची खोलीही आता उरलेली नाही.

नकाराचं दुःख फार करू नये असं आमचे सीनियर सांगतात. ते मोठा दाखला देतात. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेल्या बाबासाहेबांना मुंबईत वकिलीवर भागवणं जड गेलं, तेव्हा १९२५ ते १९२८ अशी वर्षं ते बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. सीनियर पुढे असंही म्हणतात की आता मुंबईचं वेड कशाला, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगलीचं काम तिकडेच जाणार. खरं आहे. पण बाबासाहेबांचा दाखला ऐकून मला धीर येण्याऐवजी राग येतो. आणि हायकोर्टाची मूळ शाखा, कंपन्यांचे मोठे दावे, ते तर मुंबईतच राहिले.

सीनियरना मी बार कौन्सिलचं ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रकही दाखवलं : ज्युनियरला शहरात महिना वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घातली, परत दिलं. ‘‘शिफारस आहे ही,’’ एवढंच म्हणाले. माणूस चांगला आहे. दुपारचा डबा मात्र आम्ही निम्मा-निम्मा खातो. पक्षकार मला ‘वकिलीणबाई’ म्हणतात. वकिलीण म्हणजे वकिलाची बायको हे सांगायचं मी आता सोडून दिलंय.

सबब विनंती इतकीच, की पुढच्या वर्षीच्या अर्जात ‘इतर’च्या पुढे एक रिकामी ओळ ठेवावी, म्हणजे तिथे कॉलेजचं आणि गावाचं नाव तरी लिहिता येईल. आणि उत्तर अकरा मिनिटांत पाठवू नये. दोन दिवस थांबावं. माझ्या आईने गल्लीत पेढ्यांचं बोलून ठेवलं होतं. तिला सावरायला वेळ मिळाला असता.

कळावे,

आपली विश्वासू,
एक अर्जदार, रकाना : इतर,
आष्टा.

ता. क. अर्जात ‘घरातील पूर्वानुभव’ असा ऐच्छिक रकाना होता. त्यासाठी आजोबांच्या बदली कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कडेला गिरणीतल्या तेलाचा डाग आहे, तो काळा आलाय. साक्षांकित प्रतीसाठी मूळ कार्ड मागू नये. आजी देत नाही.