जावईबापूंची सक्ती

आमच्या आणि सुमनताईंच्या परसातलं कुंपण चांगलं डोक्याएवढं उंच आहे. पण एका हिवाळ्यात वादळानं त्यातली एक फळी पाडली, आणि ती आम्ही दोघींनीही मुद्दाम बसवून घेतली नाही. इंग्लंडातल्या आमच्या स्लाउमधल्या निम्म्या बातम्या मला त्या फटीतून कळतात. २०२४ च्या मे महिन्यातला शेवटचा सोमवार, बँक हॉलिडे. मी दोरीवरचे कपडे काढत होते. फटीतून आधी कुंडीतल्या मेथीची जुडी आली, मागोमाग आवाज.

"मीनल, ऐकलंस का? आमच्या ओमला सैन्यात न्यायला निघालेत."

"कोण?"

"कोण म्हणजे? जावईबापू!"

ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांना सुमनताई जावईबापूच म्हणतात. हिशेब सरळ आहे. त्यांच्या सासूबाई सुधा मूर्ती पुण्यात टेल्कोत नोकरीला होत्या, सासऱ्यांची इन्फोसिस १९८१ साली पुण्यातच निघाली, सबब जावई निम्मा आपला. सुनक यांच्या बायकोचा, अक्षताचा, जन्म हुबळीचा, हे मी एकदा सांगून पाहिलं होतं. "असेल," म्हणाल्या आणि विषय बदलला.

"बुधवारी भर पावसात छत्रीशिवाय उभं राहून निवडणूक जाहीर केली, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, माणूस घाईत आहे. आणि शनिवारी रात्री हे. अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला राष्ट्रसेवा सक्तीची!"

"अहो, पण सगळ्यांना सैन्यात नाही. तीस हजार जागा आहेत, वर्षभराच्या, त्याही निवडून घेणार. बाकीच्यांनी महिन्यातून एक शनिवार-रविवार अग्निशमन दल, पोलीस, दवाखाना असं कुठेतरी काम करायचं. वर्षाचे पंचवीस दिवस."

"म्हणजे आपली कॉलेजातली एनएसएस! आम्ही नाही का दोन वर्षांत २४० तास भरले? मुळशीकडे कॅम्प होता, रस्ता खणला. पावसात वाहूनही गेला तो. पण नाव आपण होऊन दिलं होतं गं. आणि गंमत ऐक. घोषणा शनिवारी ना? गुरुवारी त्यांच्याच संरक्षण खात्याच्या राज्यमंत्र्यांनी, त्या मरिसनांनी, लेखी उत्तर दिलं होतं, राष्ट्रसेवा पुन्हा आणायचा सरकारचा विचार नाही म्हणून. गुरुवारी नाही, शनिवारी हो! आमच्याकडे आमटीत गूळ घालायचा की नाही, हेसुद्धा दोन दिवसांत ठरत नाही."

मग सक्ती म्हणजे नेमकं काय, यावर आम्ही आलो. सुमनताईंनी सकाळपासून सगळी चॅनेलं धुंडाळली होती. गृहमंत्री क्लेव्हर्ली रविवारी म्हणाले, नाही म्हणणाऱ्याला तुरुंगात टाकणार नाही. मग आईबापांना दंड होणार का, असं सोमवारी सकाळी परराष्ट्र खात्याच्या ट्रेव्हेलियनबाईंना विचारलं, तर त्यांनी सरळ 'नाही' म्हटलंच नाही. तपशील म्हणे पुढे नेमायचा आयोग ठरवेल. तिकडे ग्रीसमध्ये सुट्टीवर असलेले स्टीव्ह बेकर, तेही सरकारातलेच, जाहीरपणे सांगून मोकळे झाले की ही योजना मंत्र्यांनी आखलेलीच नाही, सल्लागारांनी शिजवली आणि उमेदवारांच्या पानात वाढली.

"दंड कुणाला, तर मला!" सुमनताई फटीतून अर्ध्या आत आल्या. "सप्टेंबर २०२५ ला पहिली तुकडी, आणि ओमला अठरा पूर्ण होतात त्याच महिन्यात. बाई गं, पत्रिका जुळवल्यासारखं जुळलंय."

ओम तेव्हा सोळाचा. त्याची शाळेची जीसीएसई परीक्षा चालू होती. तो फोन हातात घेऊनच मागच्या दारात आला. सुनकसाहेब त्याच सुमाराला टिकटॉकवर अवतरले होते, ही योजना पोरांना समजावून सांगायला.

"मावशी, ज्यांना करायचंय त्यातल्या एकालाही मत नाही," तो म्हणाला. "आईला आहे."

खरंच होतं. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे राहणाऱ्याला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. आणि २०२५ मध्ये अठरा पूर्ण होणारं एकही पोर ४ जुलैला, निवडणुकीच्या दिवशी, मतदान केंद्रात जाणार नव्हतं. मतं मागायची साठीच्या पुढच्यांकडे आणि शनिवार-रविवार द्यायचे नातवंडांनी. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं मी म्हटलं, तेव्हा सुमनताईंनी मला उरलेली कोथिंबीरही दिली.

आमच्या गलक्यानं पलीकडच्या घरचे इंग्रज आजोबाही बाहेर आले. वय ८७. आम्हाला वाटलं, हे तरी खूश असतील. १९५५ साली अठराव्या वर्षी त्यांना बोलावणं आलं होतं. तेव्हा दोन वर्षं जावंच लागे. कॅटरिकच्या छावणीत होते. आठवड्याला २८ शिलिंग. ओमला त्यांनी दाखवलं, गरम चमच्याच्या पाठीनं बुटाचं टोक कसं घोटायचं. हात थरथरत होते, पण अंगठा बरोबर गोल फिरत होता. मग म्हणाले, शेवटचे सहा महिने कोठारातल्या त्याच त्या चादरी मोजल्या, रोज. ही पद्धत बंद करायची मागणी खुद्द सैन्यातूनही होती. १९६० नंतर नवी भरती थांबली आणि १९६३ मध्ये शेवटचा पोरगा घरी आला. कॅटरिक आज सुनक यांच्याच मतदारसंघात आहे, हेही त्यांनीच सांगितलं. सुमनताईंना ते माहीत नव्हतं आणि त्याचा त्यांना राग आला.

पैशाचं मला कळलं नाही असं नाही. वर्षाला अडीच अब्ज पौंड, त्यातले दीड अब्ज मागासलेल्या भागांसाठीच्या निधीतून वळवायचे आणि एक अब्ज करचुकव्यांकडून काढायचे. करचुकव्यांचे पैसे प्रत्येक निवडणुकीत एकदा खर्च होतातच.

जूनच्या एकवीस तारखेला सकाळी सुमनताईंनी फटीवर भांडं वाजवलं. आदल्या रात्री यॉर्कमधल्या बीबीसीच्या कार्यक्रमात सुनक यांना विचारलं गेलं होतं, की सक्ती करणार कशी? उत्तर आलं, युरोपात काय काय चालतं ते बघू, ड्रायव्हिंग लायसन्स आहे, कर्ज मिळण्याची सोय आहे.

"चार आठवड्यांत काय काय झालं बघ! तुरुंग नाही. दंड, बघू. आता लायसन्स! अजून चार दिवस थांब, लायब्ररीचं कार्ड काढून घेतील."

"ताई, ते निवडून येणार आहेत का पण?"

त्या थांबल्या. मग हसल्या. "खरंच की. बाजारात तुरी अन् आपण इथे भांडतोय."

५ जुलैला निकाल लागला तेव्हा सुनक यांच्या हुजूर पक्षाकडे १२१ जागा उरल्या होत्या. जावईबापू स्वतः निवडून आले, कॅटरिकवाल्यांनी त्यांना सांभाळलं. सुमनताईंनी मत कुणाला दिलं ते फटीतूनसुद्धा सांगितलं नाही. राष्ट्रसेवेचा आयोग नेमला गेलाच नाही. डेव्हिड कॅमेरन यांच्या काळात सुरू झालेली ऐच्छिक राष्ट्रीय नागरिक सेवाही नव्या मजूर सरकारनं २०२५ मध्ये गुंडाळली.

ओम ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कारासाठी दर शनिवारी एका धर्मादाय दुकानात जुने कपडे लावायला जायचा. पुरस्कार मिळाल्यावरही जातो. तिथे त्याला जुन्या रेकॉर्डी आधी बघायला मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला अठरा पूर्ण झाली. लायसन्स मात्र अजून नाही. दोनदा नापास झालाय, आणि त्यात जावईबापूंचा काहीही हात नाही.